रोबोटला वेल्डिंग कोण शिकवतं

भोसरीत कामाला लागलेल्या माणसाला स्वयंचलित यंत्राचं नवल वाटत नाही. तिथे गाळ्यागाळ्यांतून एसपीएम बनतात, म्हणजे एकाच कामासाठी घडवलेली यंत्रं. ठरलेल्या हाउसिंगला ठरलेल्या जागी चार भोकं पाडायची, एवढंच ते यंत्र आयुष्यभर करतं आणि चोख करतं. गाडीचं मॉडेल बदललं, हाउसिंग बदललं, की ते यंत्र उघडून पुन्हा बांधावं लागतं, नाहीतर भंगारात काढावं लागतं. रोबोटचं वेगळेपण इथे आहे. त्याला आज एक ब्रॅकेट जोडायला शिकवलं आणि पुढच्या महिन्यात सीटची फ्रेम जोडायला शिकवली, तर हात तोच राहतो. जॉब, म्हणजे जोडायचे भाग, जागेवर धरून ठेवणारं फिक्स्चर आणि प्रोग्रॅम तेवढे बदलतात. त्या हातात टॉर्च दिली तर तो वेल्डिंग करतो, ग्रिपर दिला तर जॉब उचलून ठेवतो, गन दिली तर रंग मारतो. २०२३ च्या अखेरीस जगभरातल्या कारखान्यांत असे ४२ लाखांहून जास्त रोबोट कामाला होते. त्या एका वर्षात भारतात साडेआठ हजारांच्या आसपास नवे बसले आणि त्यांतला सर्वांत मोठा वाटा वाहन उद्योगाचा होता.

मी आयटीआयमधून वेल्डर ट्रेड केला, भोसरीत काही वर्षं हाताने वेल्डिंग केलं आणि मग चाकणच्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात रोबोटच्या सेलवर, म्हणजे जाळी लावलेल्या त्याच्या कामाच्या जागेवर गेलो. आता तिथेच नव्या मुलांना रोबोट शिकवतो. या काळात एक गोष्ट मला पक्की कळली आणि ती मी जमेल तिथे बोलून दाखवतो. रोबोटला वेल्डिंग येत नाही. वेल्डरने दाखवलेल्या वाटेवरून तो न थकता, न चुकता जाऊ शकतो. ही वाट दाखवणारा माणूस जाणता नसेल, तर लाखो रुपयांचा रोबोट दिवसभर तेच एक वाईट वेल्डिंग करत राहतो.

आमच्या सेलमधला रोबोट साधारण माणसाच्या उंचीचा आहे. सहा सांधे. पहिला कमरेतून वळतो, दुसरा खांदा, तिसरा कोपर आणि उरलेले तिन्ही मनगटात. प्रत्येक सांध्यात एक सर्व्हो मोटर, तिचा वेग कमी करून जोर वाढवणारा गिअरबॉक्स आणि मोटर किती फिरली ते मोजणारा एन्कोडर. सहाच सांधे का, असं प्रत्येक बॅचमधलं कोणी ना कोणी विचारतं. एखाद्या बिंदूपाशी पोचायला तीन हालचाली पुरतात. पण तिथे टॉर्च हव्या त्या कोनात धरायची तर आणखी तीन लागतात. हाताने वेल्डिंग केलेल्या मुलाला हे लगेच पटतं, कारण टॉर्च जॉबपर्यंत नेण्यात काही विशेष नाही आणि सगळा कस कोनात आहे हे त्याने स्वतः अनुभवलेलं असतं.

एन्कोडरची गंमत अशी की वीज गेली तरी सांधे कुठे आहेत हे लक्षात राहावं म्हणून त्याला बॅटरीचा आधार असतो. ती बॅटरी बदलताना रोबोट चालूच ठेवायचा. बंद करून बदलली तर त्याला स्वतःचं शून्य कुठे आहे तेच कळेनासं होतं, आणि मग सांध्यांवरच्या खुणा एकमेकींसमोर आणून सगळं नव्याने बसवावं लागतं. तोपर्यंत आधी शिकवलेला एकही प्रोग्रॅम भरवशाचा राहत नाही.

शिकवायचं साधन म्हणजे पेंडंट. जाडजूड पाटीएवढं, पुढे पडदा आणि बटणं, मागे एक स्विच. ते हातात घेऊन रोबोटला थोडं थोडं सरकवत टॉर्चची टिप जॉबवर आणायची, वायर साधारण पंधरा मिलिमीटर बाहेर ठेवायची, कोन लावायचा आणि तो पॉइंट साठवायचा. मग पुढचा पॉइंट. दोन पॉइंटांमध्ये सरळ रेषेत जायचं की कमानीत, कुठे आर्क सुरू करायचा, कुठे थांबायचं, थांबताना शेवटचा खड्डा भरायला किती वेळ द्यायचा, हे सगळं एकेक करून सांगायचं. शिकवण झाली की तो त्या पॉइंटवर पुन्हा पुन्हा येतो आणि दरवेळच्या येण्यातला फरक मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून कमी असतो. माझ्या ओळखीत असा एकही वेल्डर नाही ज्याचा हात रात्रपाळीच्या शेवटच्या तासालाही इतका स्थिर राहतो.

पेंडंटच्या मागचा स्विच मी पहिल्याच दिवशी मुलांच्या हातात देतो. तो अर्धा दाबून धरला तरच रोबोट हलतो. सोडला तर थांबतो, आणि पूर्ण आवळला तरीही थांबतो. घाबरलेला माणूस एक तर हातातली वस्तू टाकतो, नाहीतर गच्च धरतो. ज्याने हा स्विच आखला त्याने दोन्हींचा विचार केलेला आहे. शिकवताना रोबोटचा वेग सेकंदाला २५० मिलिमीटरच्या वर जाऊ द्यायचा नाही असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे, तोही समोरच्या माणसाला बाजूला व्हायला वेळ मिळावा म्हणून. हे नियम हवेतून आलेले नाहीत. २५ जानेवारी १९७९ रोजी अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या फ्लॅट रॉक इथे फोर्डच्या ओतकाम कारखान्यात रॉबर्ट विल्यम्स नावाचा पंचवीस वर्षांचा कामगार सुटे भाग काढायला रॅकवर चढला आणि तिथल्या यंत्राच्या हाताचा तडाखा बसून जागीच गेला. रोबोटमुळे मरण पावलेला तो पहिला माणूस म्हणून त्याची नोंद आहे. त्या हाताला आपल्या वाटेत माणूस आहे हे कळायची सोयच नव्हती. आमच्या रोबोटलाही ती नाही. म्हणून जाळी, म्हणून दाराचं इंटरलॉक, म्हणून जॉब भरायच्या जागी प्रकाशाचा पडदा, ज्यात हात गेला की सगळं थांबतं. दसऱ्याला आम्ही रोबोटची पूजा करतो, हळदकुंकू लावतो, झेंडूचा हार घालतो. त्या दिवशीही मी आधी मेन स्विचला कुलूप घालून किल्ली खिशात टाकतो आणि मगच पूजेचं ताट आत जाऊ देतो.

आता ज्या कामाने माझं मत पक्कं केलं ते सांगतो.

अडीच मिलिमीटरचा पत्रा सहा मिलिमीटरच्या पाटीला काटकोनात जोडायचा होता. नवं ब्रॅकेट, ग्राहकाची घाई. प्रोग्रॅम इंजिनिअरांनी कागदावर अगदी बरोबर बनवला होता: टॉर्च दोन्ही भागांच्या बरोबर मध्ये, पंचेचाळीस अंशांत, एका टोकापासून दुसऱ्या टोकाच्या कोपऱ्यापर्यंत एकच सरळ रन. कोपऱ्यात दर काही जॉबनंतर पत्र्याला भोक पडायचं. मग करंट कमी केला. भोक पडणं थांबलं, वरून वेल्डिंग छानही दिसू लागलं, पण जॉब कापून, घासून, त्यावर आम्ल लावून पाहिलं तर वेगळंच निघालं. अशा मॅक्रो चाचणीत वितळलेला भाग वेगळ्या रंगात उठून दिसतो. जाड पाटीच्या बाजूला तो आत शिरलेलाच नव्हता, नुसता वर बसला होता. गाडीच्या हादऱ्यांत असा जोड फार काळ टिकत नाही.

आमच्याकडे बीडकडचे एक जुने वेल्डर होते. त्यांना सगळे मामा म्हणत. लाइनवरची हाताची वेल्डिंग बंद झाल्यावर त्यांना रिवर्कच्या टेबलावर बसवलं होतं, रोबोटने सोडलेली भोकं भरायला. मी त्यांना सेलपाशी घेऊन आलो. त्यांनी काळी काच डोळ्यांसमोर धरली आणि एक पूर्ण जॉब पाहिला. दुसऱ्या जॉबला काच खाली केली, पाठ फिरवली आणि नुसता आवाज ऐकला. मग म्हणाले, "अरे, तू दोघांना सारखं जेवायला वाढतोस. जाड पाटीवर धर, पत्र्याला नुसती झळ दे."

मी म्हणालो, "मामा, कोपऱ्याचं काय करू? तिथेच फुटतोय."

"कोपऱ्यावर संपवतोस म्हणून फुटतोय. तिथं पोचेस्तोवर सगळी धग तिथं गोळा होते, पुढं जायला जागाच नाही. तिथून सुरू कर. गार असतो तवर निघून जा."

एवढंच. मी पेंडंट घेतलं, टॉर्चचा रोख जाड पाटीकडे झुकवला, वायरचं टोक सुमारे एक मिलिमीटर तिकडे सरकवलं, वाट उलटी केली आणि करंट पहिल्यासारखा वर नेला. कापून पाहिलं तर दोन्ही बाजूंना वितळ नीट शिरली होती आणि कोपरा शाबूत होता. तो प्रोग्रॅम आजही चालू आहे. ते ब्रॅकेट घेऊन गाड्या रस्त्यावर फिरत आहेत, आणि त्यातल्या प्रत्येक जोडात मामांची ती दोन वाक्यं आहेत.

आवाज का ऐकला, हे मी नंतर त्यांना विचारलं. पातळ पत्र्याच्या वेल्डिंगमध्ये वायर सेकंदाला कितीतरी वेळा वितळलेल्या धातूला टेकते आणि तुटते. त्याची चरचर एकसारखी असली तर सेटिंग जमलेलं असतं. व्होल्टेज वर गेलं की ती मऊ होते, खाली आलं की फटफटते आणि स्पॅटर, म्हणजे वितळलेल्या धातूचे शिंतोडे, उडतात. मीटरवर आकडा पाहण्याआधी मामांना हे कानाने कळायचं. हल्लीचे चांगले वेल्डिंग सोर्स करंट आणि व्होल्टेजमधले हे चढउतार सतत मोजतात आणि पडद्यावर दाखवतात, म्हणजे यंत्रालाही कान आले आहेत. पण पडद्यावरची रेघ बिघडली तर टिप झिजली आहे, गॅस कमी पडतोय, की वायर लाइनरमध्ये अडकतेय, हे अजून शॉपवरच्या माणसालाच ओळखावं लागतं.

दुसरी गोष्ट फटीची. हाताने वेल्डिंग करणाऱ्याला दोन भागांत फट दिसली की तो न सांगता हात संथ करतो, टॉर्च थोडी डावी-उजवी डोलवतो आणि फट भरून पुढे जातो. विचारलं तर आपण असं केलं हेही त्याला आठवत नाही. साध्या रोबोटला फट दिसत नाही. आमचा ठोकताळा असा की फट वायरच्या जाडीच्या निम्म्याहून जास्त नको, म्हणजे १.२ च्या वायरला ०.६ मिलिमीटर. टॉर्चची वायर जॉबला टेकवून जागा चाचपणारे, आर्कचा करंट वाचत वाट सुधारणारे, पुढे लेझर लावून फट पाहणारे रोबोटही आहेत. त्यांचा उपयोग मोठा आहे, पण प्रत्येक सोयीने किंमत किंवा सायकल टाइम वाढतो. म्हणून आमच्याकडे खरा बदल सेलच्या बाहेर झाला. रोबोट आला आणि प्रेस शॉपमधले पत्रे कुठे वाकडे येतात, डायची धार कधी गेलेली असते, फिक्स्चरची पिन किती झिजली आहे, हे सगळं उघडं पडलं. इतकी वर्षं वेल्डर आपल्या हाताने ते झाकत होते. त्या झाकण्याची मजुरी त्यांना कोणी कधी दिली नव्हती, कारण असं काही काम ते करतात हेच कोणाच्या हिशेबात नव्हतं.

रोबोट आला हे बरंच झालं, असं मी मनापासून म्हणतो, आणि त्याचं कारण डोळे आहेत. ज्याला कधी वेल्डिंग लागली आहे त्याला हे सांगावं लागणार नाही. दिवसा शेजारच्या आर्कची चमक काचेच्या कडेने येत राहते, तेव्हा काही जाणवत नाही. रात्री झोपल्यावर डोळे उघडता येत नाहीत, मिटता येत नाहीत, पाणी वाहत राहतं. आमच्या खोलीवर डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवून पहाट काढलेली पोरं मी पाहिली आहेत. शिवाय धूर, वाकलेली मान, गुडघ्यांवर पडलेल्या ठिणग्यांचे डाग. हे सगळं आता जाळीच्या आत त्या यंत्राच्या वाट्याला गेलं आहे.

पहिला औद्योगिक रोबोटही अशाच जागी गेला होता. जॉर्ज डेव्हॉल यांनी १९५४ मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला, जोसेफ एंगलबर्गर यांनी त्याचा धंदा उभा केला, आणि १९६१ मध्ये युनिमेट नावाचा तो हात अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात डाय कास्टिंगच्या यंत्रापाशी उभा राहिला. साच्यातून निघालेले तापलेले भाग काढायचं काम त्याला दिलं. ते काम माणसासाठी धगीचं आणि धोक्याचं होतं. रोबोट कुठे लावायचा याचा त्याहून चांगला निकष मला अजून सापडलेला नाही.

आपल्या देशात हा निकष सर्वांत जास्त कुठे लागू पडतो, तर गटारात. मॅनहोलमध्ये माणसाला सुरक्षा साधनांशिवाय सफाईसाठी उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, तरी माणसं उतरवली जातात आणि विषारी वायूने मरतात. केरळच्या तरुण इंजिनिअरांनी जेनरोबॉटिक्स ही कंपनी काढून बँडिकूट नावाचा रोबोट बनवला आणि २०१८ मध्ये तो तिरुवनंतपुरममध्ये कामाला लागला. कॅमेरा आणि हात असलेलं धड खाली जातं, चालवणारा वर रस्त्यावर उभा राहून पडद्यावर पाहतो. माझ्या सेलमधल्या रोबोटपेक्षा ही जात वेगळी. माझा रोबोट शिकवलेलं पाठ म्हणतो. बँडिकूटला दर क्षणी वरचा माणूस चालवतो. ऑपरेशन थिएटरमधला दा विंची रोबोटही त्याच जातीचा, त्याचे हात कन्सोलवर बसलेल्या सर्जनच्या बोटांनी हलतात. २०२३ मध्ये चंद्रावर उतरलेला २६ किलोचा प्रज्ञान रोव्हर या दोन्ही जातींच्या मधला: त्याने पाठवलेली चित्रं पाहून वाट पृथ्वीवर ठरायची आणि मग तेवढी वाट तो आपल्या चाकांनी चालायचा. तिन्हीकडे मला तेच दिसतं. जिथे माणसाचं शरीर जाऊ नये किंवा पोचू शकत नाही तिथे यंत्र जातं, आणि जाणतेपण यंत्राबाहेर कोणाकडे तरी असतं. प्रत्येक नगरपालिकेकडे बँडिकूटसारखं यंत्र असायला हवं, आणि ते चालवायची नोकरी आधी त्याच माणसांना मिळायला हवी ज्यांना आजवर आत उतरवलं गेलं.

कामगार कमी झाले का? झाले. आमच्या लाइनवर हाताने वेल्डिंग करणारी जेवढी माणसं होती तेवढी आता नाहीत, हे लपवण्यात अर्थ नाही. जे कायम होते त्यांना जॉब भरायला, तपासायला, रिवर्कला लावलं. जे कंत्राटी होते त्यांचं कंत्राट पुढच्या वेळी आलंच नाही, आणि त्यांतले काही माझे सोबती होते. रोबोटने काम घेतलं असं म्हणणं सोपं आहे, पण निर्णय रोबोट घेत नाही. तीच माणसं पेंडंटवर बसवता आली असती. वेल्डिंग येणाऱ्या माणसाला पेंडंट शिकवायला काही आठवडे पुरतात. पेंडंट येणाऱ्या मुलाला वेल्डिंगची जाण यायला वर्षं जातात. व्यवस्थापनासमोर मी हे मांडलं तेव्हा उत्तर मिळालं की त्या वेल्डरांकडे डिप्लोमा नाही. मामांकडेही डिप्लोमा नव्हता.

हल्ली जाळीशिवाय माणसाशेजारी काम करणारे कोबॉट आले आहेत. डेन्मार्कच्या एका कंपनीने २००८ मध्ये पहिला विकला, आता आपल्याकडच्या छोट्या गाळ्यांतही ते दिसतात. धक्का लागला की थांबतात, आणि शिकवताना त्यांचा हात धरून जॉबवरून फिरवला की वाट लक्षात ठेवतात. मला ही सोय फार मोलाची वाटते. जुन्या वेल्डरला पडदा वाचायची गरज उरत नाही. तो टॉर्च धरतो तशी धरतो आणि नेतो. भोसरीत दोन मशीनं आणि चार माणसं असलेल्या मालकाने असा कोबॉट घेताना आपल्या सर्वांत जुन्या वेल्डरला सोबत न्यावं, विक्रेत्यासमोर त्यालाच चालवायला द्यावं.

माझ्या हाताखाली येणाऱ्या मुलांना मी आधी काळी काच आणि हातातली टॉर्च देतो. अडीचचा पत्रा, सहाची पाटी, कोपरा. भोकं पडतात, पडू देतो. आपण केलेला जॉब त्यांनी स्वतः कापायचा, घासायचा, आम्ल लावून पाहायचा. वितळ कुठवर गेली हे बोटाने दाखवता आलं की मग पेंडंट. काहींना हे वेळखाऊ वाटतं, प्रॉडक्शनवाल्यांना तर नक्कीच. पण अशा मुलाने शिकवलेला प्रोग्रॅम सहसा पहिल्याच मॅक्रोला पास होतो, आणि रात्रपाळीला फोन येत नाही.

आमच्याकडे प्रत्येक प्रोग्रॅमसोबत एक सेटिंग शीट असते. करंट, व्होल्टेज, वेग, वायर, गॅस, आणि खाली प्रोग्रॅम बनवणाऱ्याचं नाव. गेल्या वर्षी मी त्यात एक रकाना वाढवून मागितला: ही सेटिंग कोणत्या वेल्डरकडून आली. ऑडिटला उपयोग होईल असं सांगितल्यावर मंजूर झाला. मामा तोवर निवृत्त होऊन गावी गेले होते. त्या ब्रॅकेटच्या शीटवर त्यांचं नाव मी नंतर भरून घेतलं, आणि रकान्याची झेरॉक्स त्यांच्या मुलाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. आता दुसरा अर्ज दिला आहे: ज्याचं नाव त्या रकान्यात येतं त्याला प्रोग्रॅमरइतकाच भत्ता मिळावा. त्यावर अजून सही व्हायची आहे.